दुखणे सोसावे, वेळ दवडू नये

व्यापाऱ्याच्या घरात दुखणे सांगत बसण्याची रीत नाही. सकाळी ठरल्या वेळी दुकानाचे दार उघडले पाहिजे, आलेले गिऱ्हाईक परत जाता कामा नये, ही शिकवण मुलांना अक्षरओळखीच्याही आधी मिळते. डोके दुखले तर बाम चोळावा, पोट दुखले तर ओवा-सैंधव चावून खावा आणि गादीवर बसावे, असे वर्षानुवर्षे चालत आलेले आहे. जैन घरात तर या सोसण्याला धर्माचे अधिष्ठान लाभले आहे. एकासना, आयंबिल, उपवास, तेला, अठ्ठाई या पायऱ्या चढत गेलेल्या माणसाला भूक आणि वेदना यांची ओळख इतरांपेक्षा निराळी असते. बावीस परीषहांची नावे ज्यांनी पाठ केली आहेत त्यांना रोगपरीषह हा शब्दही ठाऊक असतो. दुखण्यातही मन ढळू न देणे ही मोठी कमाई आहे, याविषयी दुमत नाही.

मात्र काही आजार असे आहेत की, त्यांत सोसण्याचा गुणच घात करतो. अपेंडिक्सचा आजार त्यांपैकी एक. मराठीत त्याला आंत्रपुच्छाचा दाह म्हणतात. तो वेळेवर ओळखला गेला तर आजच्या काळात त्याची शस्त्रक्रिया ही नित्याची आणि बहुधा निर्धोक बाब आहे. उशीर झाला तर तोच आजार जिवावर बेततो. या दोहोंमधले अंतर पुष्कळदा अवघ्या एका रात्रीचे असते. ती रात्र कशी दवडली जाते आणि कशी वाचवता येते, हे पर्युषणाच्या दिवसांतील एका कुटुंबाच्या अनुभवावरून चांगले समजते.

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरी हे गोदावरीच्या पट्ट्यातले बाजाराचे गाव. आसपासचा शेतकरी ऊस, कापूस, तूर, सोयाबीन पिकवतो आणि त्याच्या हंगामावर बाजारपेठ चालते. तेथील एका आडत व्यापाऱ्याच्या घरात एकोणीस वर्षांच्या नातवाने पहिल्यांदाच अठ्ठाई करण्याचा संकल्प केला होता. घरात आनंद होता. पारण्याला कोणाकोणाला बोलवायचे याची यादी तयार झाली होती. पहिले दोन दिवस सुखाने गेले. तिसऱ्या दिवशी सायंकाळी मुलाच्या बेंबीभोवती दुखू लागले. दुखणे जोराचे नव्हते. पोटात काही तरी अडकून राहावे तसे ते वाटे. दादीने हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावला. "उपवासात पित्त होतंच रे बाळा, झोप जरा," असे ती म्हणाली आणि तिचे म्हणणे कोणालाही चुकीचे वाटले नाही. पोटात अन्न नाही, मग पोट दुखेल दुसऱ्या कशाने?

रात्री दोनदा उलटी झाली. निव्वळ पिवळे पाणी पडले. चौथ्या दिवशी सकाळी बेंबीजवळचे दुखणे सरकून उजव्या बाजूला, खाली, कमरेच्या हाडाच्या आतल्या अंगाला येऊन थांबले. मुलगा तरीही दुकानात जाऊन बसला. शरीर किंचित तापले होते. खोकला आला की तो नकळत उजवा हात पोटावर धरी. वडिलांनी विचारले तर "काही नाही, बरं आहे" एवढेच उत्तर मिळे. तपस्येचे दिवस मोजून झालेले, गावात कौतुक झालेले; अशा वेळी पोट दुखते म्हणून माघार घेण्याची त्याला लाज वाटत होती. ही लाज कोणी त्याला शिकवली नव्हती आणि ती नको असेही कोणी सांगितले नव्हते.

सायंकाळी तो चालताना वाकू लागला तेव्हा गावातील डॉक्टरांना बोलावले गेले. त्यांनी मुलाला उताणे झोपवले, पाय गुडघ्यांत दुमडायला लावले आणि उजवीकडे खाली हळूहळू बोटे दाबून हात एकदम उचलला. हात उचलताच मुलगा कळवळला. डॉक्टर वडिलांना म्हणाले, "शेठजी, हे उपवासाचं दुखणं नाही. अपेंडिक्स वाटतंय. इंजेक्शन देऊन आजची रात्र मी निभावून नेऊ शकतो, पण ती रात्र तुम्हाला महागात पडेल. आत्ताच जालन्याला निघा."

मुलगा म्हणाला, "चारच दिवस राहिलेत. पारणं झालं की जाऊ."

घरातील मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागली. निर्णय दिला तो दादीने. तिने अनेक वर्षे स्वतः तपस्या केलेली, पच्चक्खाणाचे पाठ तिला मुखोद्गत. ती म्हणाली, "पच्चक्खाणात आगार कशासाठी ठेवलेत? सव्वसमाहिवत्तियागार म्हणजे काय, ते तुला मी सांगू? जिवावर दुखणं आलं, चित्ताची समाधी ढळायला लागली, तर औषध घ्यायची मुभा शास्त्रानंच ठेवली आहे. व्रत मोडलं असं कोणी म्हणणार नाही. उठ, गाडीत बस." तिने मांगलिक म्हटली आणि गाडी अंबडच्या रस्त्याने जालन्याकडे निघाली. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यासरशी मुलाच्या पोटात उजवीकडे कळ उठत होती. खोकल्याने, उडी मारल्याने किंवा गाडीच्या धक्क्याने कळ उठणे हे या आजाराचे एक ठळक लक्षण आहे, हे त्यांना नंतर समजले.

हा अवयव आहे तरी कोणता? लहान आतडे जेथे मोठ्या आतड्याला मिळते त्या जागेजवळ, पोटाच्या उजव्या खालच्या भागात, करंगळीसारखी एक बारीक पोकळ नळी लोंबत असते. तिची लांबी सर्वसाधारणपणे सहा ते दहा सेंटिमीटर. तिचे एक टोक आतड्यात उघडते, दुसरे बंद असते. मळाचा कठीण खडा अडकून अथवा आतील ग्रंथी सुजून तिचे तोंड बंद झाले की आतला स्राव साठत जातो, दाब वाढतो, जंतू वाढतात आणि सुजेमुळे नळीच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी पडू लागतो. रक्त न मिळालेला भाग सडतो आणि अखेरीस फुटतो. मग पू आणि मळ पोटाच्या पोकळीत पसरतो. सुरुवातीला नळीच्या दुखण्याची जाणीव बेंबीभोवती होते. सूज पोटाच्या आतल्या आवरणापर्यंत पोहोचली की दुखणे उजवीकडे खाली स्थिरावते. म्हणूनच दुखणे सरकणे ही गोष्ट डॉक्टरांना इतकी महत्त्वाची वाटते. त्या मुलाच्या बाबतीत हे सारे जसेच्या तसे घडले होते. भूक मरणे हेही प्रमुख लक्षण. पण उपवासात भूक मेली की जिवंत आहे, हे पाहणार कोण?

दुखणे सुरू झाल्यापासून साधारणतः दीड दिवस उलटला की नळी फुटण्याचा धोका वाढत जातो. काहींच्या बाबतीत हे त्याही आधी घडते. फसवी गोष्ट अशी की, नळी फुटते त्या वेळी आतला दाब एकदम उतरतो आणि रुग्णाला थोडा वेळ बरे वाटते. घरच्यांना वाटते, हिंगाने गुण आला. काही तासांनी सगळे पोट दुखू लागते, ताप चढतो, पोट लाकडासारखे कडक होते. असह्य दुखणे औषधावाचून अचानक थांबले तर निश्चिंत न होता उलट घाई करावी, असे शल्यचिकित्सक सांगतात ते यासाठीच.

उशिराची किंमत मोठ्या मोठ्यांनी मोजली आहे. इंग्लंडचे नामवंत शल्यचिकित्सक सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज हे याच आजाराचे जाणकार म्हणून प्रसिद्ध होते; तरी 1900 साली त्यांची तरुण मुलगी याच आजाराने गेली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 26 जून 1902 रोजी राजा सातवा एडवर्ड याचा राज्यारोहण समारंभ ठरला होता. देशोदेशींचे पाहुणे लंडनला जमले होते. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराजही त्या समारंभासाठी विलायतेस गेले होते. समारंभाला दोन दिवस उरले असता राजाच्या पोटातील दुखणे इतके वाढले की 24 जूनला शस्त्रक्रिया करावी लागली. ती ट्रीव्ह्ज यांनीच केली आणि साठलेला पू काढून टाकला. राज्यारोहण पुढे ढकलून 9 ऑगस्टला झाले. राजमुकुटाचा मुहूर्त पुढे जाऊ शकतो, तर आपल्या घरचे पारणे, साखरपुडा किंवा दुकानाचे उद्घाटन पुढे जायला हरकत कोणती?

जालन्याला पोहोचल्यावर मुलाची तपासणी झाली. रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या. लघवी तपासली, कारण मूतखड्याचे दुखणेही याच बाजूला येऊ शकते. सोनोग्राफीत सुजलेली नळी आणि तिच्याभोवती थोडे पाणी दिसले. निदानाविषयी शंका उरली तर सीटी स्कॅन करतात. तरुण स्त्रियांच्या बाबतीत बीजकोशाचे विकार आणि गर्भधारणा यांचीही खात्री करून घ्यावी लागते. त्या तपासण्यांविषयी संकोच धरू नये. मुलाने तीन दिवस अन्न घेतलेले नाही, केवळ दिवसा उकळलेले पाणी घेतले आहे, ही गोष्ट वडिलांनी आपणहून डॉक्टरांना सांगितली. हे सांगणे फार आवश्यक असते. दीर्घ उपवासात शरीरातील पाणी आणि क्षार कमी झालेले असतात. भूल देण्याआधी ते सलाइनवाटे भरून काढावे लागतात. मधुमेह, रक्तदाब, दमा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, एखाद्या औषधाची ॲलर्जी यांचीही माहिती याच वेळी द्यावी.

त्यानंतर संमतिपत्र समोर आले. त्यावरील मजकूर वाचून वडिलांचा हात थबकला. भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, गरज पडल्यास पोट मोठे उघडावे लागणे, असे सारे धोके त्यात लिहिलेले असतात. धोका दुर्मीळ असला तरी तो सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे आणि प्रश्न विचारणे हा रुग्णाचा अधिकार आहे. कोणती शस्त्रक्रिया होणार, भूल कोणती, अंदाजे किती दिवस राहावे लागेल, खर्च किती, हे त्या क्षणी विचारून घ्यावे. शंका फिटली की सही करावी.

अशाच एका संमतीची हकिगत महाराष्ट्राच्या इतिहासात नमूद आहे. 1922 पासून येरवड्याच्या तुरुंगात असलेले महात्मा गांधी जानेवारी 1924 मध्ये पोटदुखीने आजारी पडले. 12 जानेवारीला त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवण्यात आले. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया तातडीने करणे भाग होते. मुंबईहून ओळखीचे डॉक्टर येईपर्यंत थांबण्याइतका वेळ नव्हता. सरकारचा कैदी, सरकारचाच शल्यचिकित्सक कर्नल मॅडॉक. काही विपरीत घडले असते तर देशभर क्षोभ उसळला असता. म्हणून श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून त्यांच्या साक्षीने संमतीचे निवेदन लिहिले गेले आणि गांधीजींनी त्यावर सही केली. आपल्यावर उपचार करणाऱ्यांविषयी त्यांनी पूर्ण विश्वास प्रकट केला. शस्त्रक्रिया रात्री सुरू झाली. वादळी पावसाने वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. 5 फेब्रुवारीला सरकारने त्यांची बिनशर्त सुटका केली. पण जखम भरेपर्यंत ते आणखी काही आठवडे ससूनमध्येच होते आणि पुढे विश्रांतीसाठी जुहूला गेले. ती खोली ससूनने स्मारक म्हणून जपली आहे.

या प्रसंगाचे महत्त्व जैन वाचकाला विशेष वाटावे. विलायतेस जाण्यापूर्वी बेचरजी स्वामी या जैन मुनींपुढे गांधीजींनी व्रते घेतली होती. श्रीमद् राजचंद्रांचा त्यांच्यावरील प्रभाव सर्वश्रुत आहे. 1909 साली 'हिंद स्वराज'मध्ये त्यांनी आधुनिक वैद्यकावर कठोर टीका केली होती. व्रत आणि उपवास यांविषयी त्यांच्याहून आग्रही माणूस त्या काळात दुसरा शोधावा लागला असता. तरीही वेळ येताच त्यांनी तासांचा घोळ घातला नाही. शस्त्रक्रिया स्वीकारणे ही आपली दुर्बलता होय, अशी चिकित्सा त्यांनी नंतर स्वतःची केली. परंतु ती चिकित्सा करण्यासाठी ते हयात राहिले आणि पुढे चोवीस वर्षे देशाला लाभले. त्या काळी पेनिसिलिन अद्याप सापडायचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या रात्रीच्या निर्णयाचे मोल कळते.

तीर्थपुरीच्या त्या मुलाची शस्त्रक्रिया दुर्बिणीने झाली. अपेंडिक्स दुर्बिणीने काढण्याची रीत जर्मनीत कुर्ट झेम यांनी 1980 मध्ये पहिल्यांदा अवलंबली. आज ती जिल्ह्याच्या गावीही रूढ आहे. पूर्ण भूल देऊन पोटावर तीन बारीक छिद्रे घेतात, आत कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात, कॅमेऱ्यात पाहून नळीचे मूळ बांधतात आणि नळी कापून बाहेर काढतात. साधारण अर्ध्या ते एका तासाचे हे काम. जुन्या पद्धतीत उजव्या खालच्या भागावर काही सेंटिमीटरचा छेद घेतात. त्यासाठी पुष्कळदा कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर करतात. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. दुर्बिणीने दुखणे कमी आणि कामावर परतणे लवकर, इतकाच मुख्य फरक. आत पू फार पसरला असेल तर दुर्बिणीने सुरू केलेले काम छेद घेऊन पुरे करावे लागते. तो डॉक्टरांचा पराभव किंवा फसवणूक नव्हे, ती सावधगिरी असते. काढलेली नळी तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवतात. तो अहवाल आठवणीने घ्यावा.

मुलाच्या नळीचे टोक काळे पडले होते आणि भोवती पू जमू लागला होता. पोट धुऊन एक बारीक नळी बाहेर काढून ठेवावी लागली. साध्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो. या मुलाला पाच दिवस राहावे लागले. आणखी काही तास गेले असते तर मुक्काम किती लांबला असता आणि काय काय सोसावे लागले असते, याचा हिशेब व्यापाऱ्याच्या घरात वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

शस्त्रक्रियेनंतर काय होते, हे आधी माहीत असले की भीती निम्मी होते. शुद्धीवर आल्यावर घसा खवखवतो, मळमळते, थंडी वाजते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा दुखतो. हृदयाचे काही झाले की काय म्हणून घरचे घाबरतात. पोटात राहिलेल्या वायूमुळे ते दुखणे होते आणि दोन-तीन दिवसांत जाते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला उठवून चालायला लावतात. यात निर्दयपणा नाही. चालण्याने आतडी लवकर कामाला लागतात आणि पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती कमी होते. खोकताना पोटावर उशी दाबून धरली तर कळ कमी येते. प्रथम घोट-घोट पाणी, मग मुगाच्या वरणाचे पाणी, मऊ भात, मग नेहमीचे जेवण, असा क्रम डॉक्टरांच्या सल्ल्याने असतो. अपेंडिक्स नसल्यामुळे पुढे आयुष्यभराचे कोणतेही पथ्य लागत नाही आणि पचनातही उणीव येत नाही.

जैन कुटुंबांच्या मनात काही प्रश्न हमखास येतात, आणि ते संकोचाने विचारले जात नाहीत. पुष्कळ कॅप्सूलचे आवरण प्राणिजन्य जिलेटिनचे असते. आधी सांगितले तर डॉक्टर गोळ्या, पातळ औषध किंवा वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल लिहून देऊ शकतात. कॅटगट नावाचा टाक्यांचा जुना धागा जनावरांच्या आतड्यापासून बनतो. त्याऐवजी विरघळणारे कृत्रिम धागे आता सर्वत्र मिळतात आणि बहुतेक शल्यचिकित्सक तेच वापरतात. रात्री औषध घ्यायचे नसेल तर वेळा बदलता येतील का, हेही विचारता येते; परंतु प्रतिजैविकांच्या वेळा रक्तातील प्रमाणाशी बांधलेल्या असतात, त्या आपल्या मनाने चुकवू नयेत. रुग्णालयाच्या खाणावळीत कांदा-लसूण नको, कंदमूळ नको, असे सांगितले तर साधे मूगभात कोठेही मिळते. हे सारे प्रश्न शस्त्रक्रिया लांबवण्यासाठी नव्हेत, ती होत असतानाच सोडवण्यासाठी आहेत. जिथे पर्याय नसेल तिथे जीव आधी, आलोचना नंतर.

त्या वर्षीची संवत्सरी मुलाने रुग्णालयातील खाटेवर केली. दादीने शेजारी बसून प्रतिक्रमण म्हटले आणि त्याने पडल्या पडल्या ऐकले. आईवडिलांना, डॉक्टरांना आणि रात्रपाळीच्या परिचारिकेलाही त्याने हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले. परिचारिकेला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला. अर्थ कळल्यावर तिनेही हात जोडले.

घरी आल्यावरची काळजी तितकीच महत्त्वाची. जखम कोरडी ठेवावी. तिच्यावर हळद, तेल किंवा राख यांपैकी काहीही लावू नये. टाके काढायचे असतील तर ते साधारण सात ते दहा दिवसांनी काढतात. दुर्बिणीनंतर एक-दोन आठवड्यांत बैठे काम सुरू करता येते, मोठ्या छेदानंतर थोडे अधिक दिवस लागतात. गादीवर बसून हिशेब लिहिणे वेगळे आणि पोती उचलणे वेगळे. कापसाचा हंगाम तोंडावर असला, हमाल कमी असले, तरी सुमारे महिना-दीड महिना जड वजन उचलू नये. पोटाचे स्नायू सांधले नसतील तर पुढे हर्निया होण्याचा संभव असतो. ताप येणे, जखम लाल होणे किंवा वाहणे, उलट्या, पोट फुगणे, दुखणे वाढत जाणे, पोटरी सुजणे, यांपैकी काहीही दिसले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

शस्त्रक्रियेवाचून औषधांनी हा आजार बरा होत नाही का, असे पुष्कळजण विचारतात. गुंतागुंत नसलेल्या काही रुग्णांना प्रतिजैविकांनी आराम पडतो. त्यांच्यापैकी सुमारे दहांतील तिघा-चौघांना पुढील काही वर्षांत शस्त्रक्रिया करावीच लागते. नळीभोवती आतडी चिकटून गाठ तयार झाली असेल तर डॉक्टर स्वतःच आधी औषधे देऊन काही आठवडे थांबतात. मात्र हा निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांनी घ्यायचा असतो. औषधाच्या दुकानातून गोळी आणून घरी घालवलेल्या रात्रीला औषधोपचार म्हणत नाहीत.

हा आजार दहा ते तीस वर्षे वयात अधिक आढळतो, परंतु कोणतेही वय त्याला वर्ज्य नाही. लहान मुलांना नेमके सांगता येत नाही, वृद्धांना ताप आणि वेदना दोन्ही कमी जाणवतात, गर्भवती स्त्रीत दुखण्याची जागा वर सरकू शकते. या तिघांच्या बाबतीत उशीर होण्याचा संभव अधिक, म्हणून अधिक जपावे. पोटदुखी चार-सहा तासांत कमी न होता वाढत असेल, उजवीकडे खाली सरकत असेल, सोबत उलटी किंवा ताप असेल, तर काय करू नये हे आधी लक्षात ठेवावे. एरंडेल किंवा रेचक देऊ नये, एनिमा देऊ नये, गरम पिशवीने शेकू नये, पोट चोळू नये. शस्त्रक्रिया लागण्याचा संभव असल्याने रुग्णाला खायला-प्यायला देऊ नये आणि वेदनाशामकाच्या गोळ्या पुन्हा पुन्हा देऊन दुखणे झाकत बसू नये.

तालुक्याच्या गावापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांनी पर्युषण सुरू होण्यापूर्वी आणखी एक तयारी करून ठेवावी. तपस्या करणाऱ्याला घरातील वडीलधाऱ्यांनी स्पष्ट शब्दांत सांगावे की, दुखले तर सांग. सांगण्याने तपस्या उणी होत नाही. रात्री-अपरात्री गाडी कोणाची, चालवणार कोण, कोणत्या शहरात कोणत्या डॉक्टरकडे जायचे, विम्याचे कागद आणि थोडी रोकड कोठे ठेवली आहे, हे घरातील दोघा-तिघांना ठाऊक असावे. दुकानातील मालाचा विमा दरवर्षी आठवणीने भरणाऱ्या कुटुंबाला ही व्यवस्था जड जाऊ नये.

पुढच्या वर्षी त्या मुलाने डॉक्टरांना विचारून एक तेला केला. अठ्ठाईचा आग्रह घरात कोणी धरला नाही. पारण्याच्या दिवशी त्याने आपल्या धाकट्या बहिणीला, तीही तपस्येला बसली होती, सर्वांत आधी एकच गोष्ट विचारली: "कुठं दुखत तर नाही ना?"